माझ्यासाठी भरलेली काडतुसं

बाबा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. लेस्टरचं घर विकलं, पण मला अजून त्यामागचं गॅरेज दिसतं. तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमधून येता, उभ्याउभ्या चहा घेता आणि तिकडे जाता. पिस्तुलांवर बंदी आली आणि तुमचं पिस्तूल जमा करावं लागलं, तेव्हा महिनाभर तुम्ही कोणाशी धड बोलला नाहीत. मग क्लबातल्या तुमच्या इंग्रज मित्राच्या आग्रहाने पिस्तुलाचीच काडतुसं चालणारी रायफल घेतलीत. दर रविवारी तेच गाडी घेऊन दारात यायचे आणि आपण तिघं नेमबाजीच्या रेंजवर जायचो. माझ्या खांद्याच्या ऑपरेशननंतर मला रायफलीचा धक्का सोसेना, म्हणून तुम्ही माझ्यासाठी हलकी काडतुसं भरायला लागलात. बंदुकीची दारू किंचित कमी करायची, पाच काडतुसं भरायची, रेंजवर कागदावरची भोकं किती जवळ पडतात ते बघायचं, वहीत लिहायचं, पुन्हा गॅरेज. अख्खा हिवाळा त्यात गेला. पाचही भोकं एकमेकांना चिकटून पडली, तेव्हा तो कागद तुम्ही फ्रिजवर लावलात.

हलक्या काडतुसाचा धोका वेगळा, हे तुम्हीच शिकवलंत. दारू इतकी थोडी की काडतुसाची पितळी पुंगळी जवळजवळ रिकामीच दिसते. चुकून दोनदा पडली तरी सांडत नाही, कळत नाही. एकदा मी शेजारी बडबडत उभी होते. तुम्ही थांबलात, पन्नासच्या पन्नास पुंगळ्या रिकाम्या केल्यात आणि म्हणालात, "बोलायचं असेल तर किचनमध्ये जा. इथे चूक झाली तर तोंड तुझं फुटेल." मी दोन दिवस रुसले होते.

मग तुम्ही विसरायला लागलात. आधी चाव्या, मग दुकानातून घरी यायचा रस्ता. मी वय झालं म्हणत राहिले. एका रविवारी मी चाप ओढला तर नुसतं फुस्स झालं. तुम्ही मागून म्हणालात, "काही नाही, चालव पुढची." पुढची गोळी चढवायला माझा हात गेलाही होता. बाजूच्या लेनमधून तुमचे मित्र ओरडले, "स्टॉप! हात लावू नकोस!" पुंगळीत दारूच नव्हती आणि गोळी नळीत अडकली होती. पुढची मारली असती तर नळी माझ्या तोंडापाशी फुटली असती. तुम्ही सगळ्यांसमोर त्यांच्यावर भडकलात, "माझ्या मुलीला मी शिकवतो!"

घरी येऊन तुम्ही झोपलात. मी गॅरेजमध्ये त्या डबीतली उरलेली काडतुसं एकेक करून उघडली. तीन रिकामी. दोन काडतुसांत दुप्पट दारू.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून पोलिसांच्या लायसन्स विभागाला फोन केला. त्याच आठवड्यात दोन ऑफिसर आले. सभ्य होते. तुम्ही त्यांना चहा विचारलात. कपाटाची किल्ली तुम्हाला सापडेना. ती मी शोधून दिली. रायफल गेल्यावर तुम्ही म्हणालात, "त्यानेच कळवलं." मी कप धूत राहिले. महिन्याभराने तुमचे ते मित्र केक घेऊन आले, तेव्हा तुम्ही आतून ओरडलात, "सांग, मी घरी नाही." मराठी त्यांना कळत नसलं तरी आवाज कळत होता. तरी मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की बाबा घरी नाहीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. शेवटी माझं नावही विसरलात, त्यांच्यावरचा राग मात्र विसरला नाहीत.

परवा त्यांचा फोन आला. ऐंशीच्या पुढे गेलेत, आवाज कापतो. म्हणाले, "माझं नेमकं काय चुकलं होतं गं?" मी म्हटलं, "आजारच तसा होता." ते म्हणाले, "हो, असेल." हे पत्र मी त्यांनाही दाखवणार नाही. पोलिसांना फोन केल्याची मला लाज नाही, बाबा. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. नवऱ्याला मी सांगितलं होतं, बाबांच्या काळजीने केला. ते खरं नव्हतं. त्या दुपारी गॅरेजमध्ये मला तुमची भीती वाटली होती.