चिनी मातीची भाची

॥ श्री ॥
सोलापूर, ३ फेब्रुवारी २०२५

ती. प्रभाताईस,
चिंतामणीचा सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेलं मनाने भरतेस, म्हणून पत्र. निवृत्त झाल्यापासून मी घरात पायात पायात येतो, असं तुझ्या भावजयीचं मत पडलं. म्हणून कोपऱ्यावरच्या बसवराजच्या फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसतो आणि कॉम्प्युटरवर फोटोची कारागिरी शिकतो. जन्मभर कॉलेजच्या ऑफिसात शिक्के मारले, आता चिनी मातीची फुलं करतो.

करायचं असं: फुलाचा फोटो कापून वेगळा घ्यायचा, त्याचा रंग उतरवायचा, वर प्लास्टिक ताणल्यासारखी चकाकी चढवायची, कडांना किंचित निळी झाक द्यायची. पाकळी थेट कपबशीसारखी दिसायला लागते. म्हणजे बसवराजच्या हातून. माझी पहिली जास्वंद सोललेल्या कांद्यासारखी झाली. बसवराजने ती बघून चहा मागवला.

स्थळांसाठी चेतनाचा फोटो पाठवलास, त्यात तिच्या खांद्यामागे असाच चिनी मातीचा गुलाब घातलाय. मूळ फूल आमच्या कुंडीतलं. इतकं जिवंत उतरलंय, की चिनी मातीचं आहे हे सांगावं लागेल. बसवराज अक्कलकोटला लग्नाला गेला होता, म्हणून एकट्याने केलं. प्रिंट सोबत आहे.

लोभ आहेच, भाचीच्या लग्नात मानाचा फेटा मिळेल इतका वाढवावा.

तुझा,
चिंतामणी


मोहोळ, ८ फेब्रुवारी २०२५

चि. चिंतामणीस,
प्रभाताईचे अ. उ. आ.

प्रिंट मिळाली, ती आधी देवापुढे ठेवली. फुलातलं मला कळत नाही, गुलाब तो गुलाब. पण पोरीच्या हनुवटीवरचं कोड तू काय अलगद घालवलंस रे! कपाळापासून गळ्यापर्यंत एकसारखी गोरीपान. मी कधी तोंड उघडून बोलले नाही, तरी भावाला कळलंच की. लई रडले बघ.

आतापर्यंतची स्थळं चहा पिऊन गेली आणि पत्रिका जुळत नाही म्हणाली. सगळ्यांच्याच कशा रे जुळत नाहीत? पोरीला एकतिसावं लागलंय. मध्यस्थी करणारे आबासाहेब तुझा फोटो घेऊन गेले आणि लगेच निरोप आला. मुलगा आशिष, चिंचोळी एमआयडीसीत इंजिनीअर, माणसं चांगली आहेत. सोळा तारखेला, रविवारी बघायला येतायत. चेतनाला फोटो दाखवलेला नाही, उगाच फाटे फोडेल. एकदा बोलणी पुढे गेली की डागाचं कोण काढतंय?

माझी माया तुझ्यावर होतीच, आज दुप्पट धरावी.

तुझी,
प्रभाताई


सोलापूर, ११ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोनदा फोन केला, दोन्ही वेळा तू शेवग्याच्या शेंगांवर बोलत राहिलीस. म्हणून पुन्हा लिहितो.

ताई, मी कोड घालवलं नाही. मी काहीच घालवलं नाही, अक्कल सोडून. या कामात चित्रं एकावर एक थरांत ठेवलेली असतात. आपण ज्या थरावर असू, करामत त्याच्यावरच होते. बसवराज रोज घसा फोडून सांगतो, सर, आधी थर बघा. मी गुलाब समजून सगळा वेळ चेतनाच्या थरावर होतो. रंग उतरवला तो तिचा, चकाकी चढवली ती तिच्यावर. गुलाब होता तसाच राहिला, म्हणून तर तो जिवंत दिसला आणि मी स्वतःची पाठ थोपटली. पोरीचा डाग मी लपवला नाही गं, आख्खी पोरच पांढरी करून ठेवली. चष्मा चुकीचा लावला होता, असं कारण देणार होतो, पण तुझा भाऊ गाढव आहे एवढं पुरे.

माझं ऐक. रविवारच्या आधी आबासाहेबांना खरं सांग. धीर होत नसेल तर माझ्यावर ढकल, म्हाताऱ्याला जमलं नाही म्हण. खोटं तर नाहीच. पण चेतनाची मान खाली जाता कामा नये.

राग धरावा, फक्त लोभाच्या आत राहील एवढाच.

तुझा,
चिंतामणी


मोहोळ, १७ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
चेतनाचा शि. सा. न.

आईने आबासाहेबांना काही सांगितलं नाही. तुमचं पत्र मला दिलं ते काल, पाहुणे गेल्यावर.

आशिषच्या आईने पर्समधून फोटो काढला. माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, परत माझ्याकडे. मी हात पुढे करून तो मागून घेतला आणि मामा, चार माणसांत खो खो हसले. शोकेसमधली बाहुली केलीत की माझी! त्यांना म्हटलं, हा आमच्या मामांचा काहीतरी प्रयोग दिसतोय. मुलगी ही अशी आहे, हनुवटीवर कोड आहे, शाळेत गणित शिकवते. आशिष हसला, त्याची आई नाही. पोहे मात्र सगळ्यांनी संपवले. संध्याकाळी नकार आला.

मला काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं. पण आईने तो फोटो पदराने पुसून कपाटात ठेवला, तेव्हा मी भडकले. तिला म्हटलं, आई, कोड दुखत नाही गं. तू माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघतेस, ते दुखतं. दहावीत डाग उठला तेव्हापासून बघतेस.

आज डबा तिने खाली बघून दिला. मी जास्त बोलले का, मामा? कळवा.

लोभ आहे तसाच असू द्या, त्यावर चकाकी नको.

आपली,
चेतना


मोहोळ, २१ फेब्रुवारी २०२५

चि. चिंतामणीस,
अ. उ. आ.

चेतनाने कळवलंच असेल. तू जीव तोडून लिहिलंस, मी ऐकलं नाही, आणि पोरीला परक्यांपुढे स्वतःचं कोड स्वतःच सांगायला लावलं. माझं चुकलं. तिलाही तसं म्हटलं. ती म्हणाली, असू दे, आता जेव.

काल ती वह्या तपासत होती, तिचं लक्ष नव्हतं. मी समोर बसून बघत राहिले. डाग सुपारीएवढाच आहे रे. मी इतकी वर्षं तळहाताएवढा धरून चालले होते. आणि बेरीज करताना ती खालचा ओठ चावते, अगदी तुझ्यासारखी. हे मला ठाऊकच नव्हतं.

तुझ्यावर राग नाही. गाढव असलास तरी आमचाच आहेस, लोभाचं वेगळं काय लिहू? फक्त एक काम कर. तोच फोटो मोठा करून पाठव, डागासकट. फुलाला काय चिनी माती फासायची ती फास, माझ्या पोरीला बोट लावू नकोस. बसवराजला शेजारी बसव. पाठवताना फोटोवर पुठ्ठा घाल, दुमडायला नको.

कुठलं स्थळ येणार आहे म्हणून नाही. मलाच बघायचा आहे.

तुझी,
ताई