ज्वारीचं वॉफल

आप्पा, वॉफल म्हणजे काय ते आधी तुम्हाला सांगायला हवं. चौकोनी खळग्यांचं जाड धिरडं समजा, दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या यंत्रात दाबून भाजलेलं. मैद्याचं असतं, वरून चॉकलेट ओततात. मोशीत आमच्या सोसायटीखालीच त्याचं दुकान आहे आणि तुमच्या नातीचा जीव त्यात अडकलेला. ती तेरा वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलं नाहीत. उन्हाळ्यात तिच्या मानेवर काळे पट्टे दिसायला लागले, तर मी मळ समजून रोज आंघोळीला घासत बसले. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, शुगर आहे. गोळी चालू केली, आणि खाणं बदललं नाही तर इंजेक्शनवर जावं लागेल म्हणाले. घरात कुणाला होती का, असं त्यांनी विचारलं. माझ्या वडिलांना, मी म्हटलं.

वॉफलच हवं ना, मग घरीच करू, पौष्टिक करू, असं मी ठरवलं आणि यंत्र मागवलं. पहिल्या दिवशी नुसत्या ज्वारीचं केलं. झाकण उघडलं तर अर्धं वॉफल वर चिकटलेलं, अर्धं खाली. पीठ जुनं, त्याला धरून ठेवणारी विरी गेलेली. अशा पिठाची भाकरीसुद्धा थापताना फाटते. आई त्यात उकळतं पाणी घालायची, म्हणून मीही घातलं. भाकरीचा इलाज वॉफलला. पिठाची उकड झाली आणि यंत्रातून जे निघालं ते बाहेरून चिवट, आतून कच्चं. नवरा चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून आला, ओट्यावरचा पसारा बघून म्हणाला, "अगं, सरळ भाकरी दे की तिला." जसं काही ती भाकरीला हात लावते. शेवटी निम्मी ज्वारी, निम्मं गव्हाचं पीठ, मूठभर नाचणी, एक अंडं आणि ताक असं कालवून अर्धा तास झाकून ठेवलं, तेव्हा कुठे खरपूस निघालं. "मस्त झालंय आई," पोरगी म्हणाली. मग मी रोज डब्यात देऊ लागले आणि डबा रोज रिकामा येऊ लागला. मला वाटलं, जिंकले.

तुमचाही डबा रिकामाच यायचा. आई तुमच्यासाठी पहाटे उठून नाचणीची भाकरी करायची आणि रिकामा डबा बघून खूश व्हायची. खंडेनवमीला तुमच्या भोसरीच्या कंपनीत मशिनची पूजा असायची, त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. मी सातवीत आहे. तुम्ही माझा हात धरून तुमच्या प्रेस मशिनकडे नेताय, प्रेसला झेंडूची माळ घातलीय. गेटवरचा वॉचमन हसत म्हणतो, "तुझ्या बापाच्या भाकरीवर आमची कुत्री माजली बघ." तुम्ही माझ्या हातावर एक पेढा ठेवता, स्वतः तीन खाता आणि म्हणता, "आईला सांगू नको माय. तेवढंच तर गोड राहिलंय मला." तुमच्या पायाला तेव्हाच पट्टी होती. त्या दिवशी तुम्ही मला जगात सगळ्यात जास्त आवडला होतात.

गेल्या महिन्यात शाळेच्या बसमधल्या मावशींनी मला थांबवलं. त्या इथल्या जुन्या गावातल्या. "ताई, पोरीच्या डब्यात ते खरपूस काय आस्तं वं? लई ग्वाड न्हाई, पन चांगलं लागतं. रोज मलाच देती." मला हसू आलं आणि लगेच वॉचमनची ती कुत्री आठवली.

काल रिपोर्ट आला. शुगर वाढलीय, सोमवारपासून इंजेक्शन. रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, "आजोबा कशानं गेले?"

"वयानं."

"किती होतं वय?"

शुगरपायी तुमचं पाऊल कापलं तेव्हा तुम्ही पन्नाशीही गाठली नव्हतीत, हे त्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगू? मग ती म्हणाली, "रागावलीस का माझ्यावर?" मी नाही म्हटलं. राग होता, पण तिच्यावर नव्हता, तुमच्यावर होता. तुमचे ते पेढे, तुमची ती कुत्री, आणि आम्हाला हसवून सगळं खपवून नेणं. आणि आता कुणावर रागावून काही होणार नाही, हेही कळतं. आज सकाळी मी पुन्हा पीठ भिजवलं. कशासाठी, ते ठाऊक नाही. हात आपले चालतात. आशा म्हणाल तर ती काही उरलेली नाही.

हे लिहिलेलं मी फाडून टाकणार आहे, तिच्या हाती पडायला नको. फाडायच्या आधी एक सांगते. डॉक्टर म्हणाले होते, घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासून घ्या. नवऱ्याने तपासलं, धाकट्या मुलाचं तपासलं, दोघांचं नॉर्मल आलं. राहिले मी. तुमच्याकडचं तिच्याकडे गेलं ते माझ्यातूनच गेलं असणार, आणि ते कागदावर छापलेलं बघायची माझी हिंमत होत नाही. लॅबमध्ये जाऊन बसते, तिथली मुलगी सुई घेऊन येते, उपाशीपोटी आलात ना, म्हणून विचारते. दर वेळी मी सांगते, नाही गं, चहा घेऊन आलेय. घेतलेला नसतो, आप्पा.