कायमचा रीडायरेक्ट

सोमवार, २
मिळाली एकदाची नोकरी! आईने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं, जणू मी कारखानाच विकत घेतलाय. ऑफिस छोटंसं आहे. खिडकीजवळचं टेबल माझं, शेजारी डिझाइनर. त्याला सगळे गोगलगाय म्हणतात आणि तो त्यावरही सावकाशच हसतो. काम दुकानांच्या वेबसाइटचं. साइट नवी केली की पानांचे पत्ते बदलतात. मग जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पानाकडे वळवायचं, म्हणजे रीडायरेक्ट लावायचा. तो कायमचा लावला की जुन्या पानाने सर्चमध्ये कमावलेलं स्थान नव्याला मिळतं आणि जुनं हळूहळू सर्चमधून गळून पडतं. नाही लावला तर सगळी कमाई पाण्यात.

शुक्रवार, ६
कंपनीच्या साइटवर माझं पान आलं, फोटोसकट. आणि आल्या आल्या सर्चमध्ये वर! मी हुरळून गेले. गोगलगायीने हवाच काढली. माझ्या जागी आधी जी होती, तिचं पान माझ्याकडे वळवलंय म्हणे. इथली पद्धतच तशी, सोडून गेलेल्याचं पान पुसत नाहीत, त्याच्या जागी येणाऱ्याकडे कायमचं वळवतात. आयतं स्थान मिळालं, माझं काय जातंय? पण ती कुठे गेली असं विचारल्यावर आमच्या बॉस मॅडमनी विषय बदलला. मनात पाल चुकचुकली. दादा म्हणतो, माझा स्वभावच संशयी.

मंगळवार, १०
दुपारी एक बाई स्वेटर घेऊन आल्या. त्या आधीच्या मुलीची आई. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. “किती वाळलीस गं. घरी कधी येणार?” मी ती नव्हे, हे परोपरीने सांगितलं. त्या हसल्या, तुझी थट्टेची खोड काही जात नाही म्हणाल्या. गोगलगाय स्क्रीनमध्ये डोकं खुपसून बसला होता. स्वेटर मला बरोब्बर झाला. मला फार भीती वाटली.

बुधवार, ११
तिचं नाव शोधलं. माझं पान उघडलं. तिच्या कॉलेजच्या साइटवर गेले, तिथूनही माझ्याच पानावर. मग मागे मागे जात राहिले — तिच्या आधीची तिच्याकडे वळवलेली, त्याआधीचीही पुढचीकडे. एकीचाही ठावठिकाणा नाही. मॅडमनी कानांवर हात ठेवले. या टेबलावर पहिल्यापासून तूच बसतेस, म्हणाल्या.

शुक्रवार
रीडायरेक्ट काढून टाकला. काही फरक नाही — सर्चने तो कायमचा धरलाय. गोगलगाय आज मान वर न करता बोलला. सोमवारी नवी मुलगी येतेय. माझ्या टेबलावर.
मी राजीनामा दिलेला नाही.

सोमवार
पासवर्ड चालत नाही. स्वतःचं नाव शोधलं — त्या नव्या मुलीचा फोटो.
दादाला फोन केला. माझा आवाज त्याला ओळखता येईना. बहीण ऑफिसात आहे, आत्ताच बोललो तिच्याशी, म्हणाला, आणि फोन ठेवला.

घरी आलेय. माझ्या खोलीत. आई मला बघून स्वयंपाकघरात पळाली — माझी आई —
फोनवर आहे. दबक्या आवाजात. “बाळा, तू ऑफिसातच थांब. तुझ्या खोलीत कुणीतरी बाई शिरलीय. काहीतरी लिहीत बसलीय. दादा निघालाय.”
आई, अगं मीच —
बाहेरून कडी घात