खतिजाचाचीच्या बाजूची जागा

१२ ऑक्टो.
कबरस्तानच्या जुन्या भागात गवत कंबरेएवढं. कापू दिलेलं नाही. ‘गवत कापू नये, बिळांजवळ जाऊ नये’ ही माझी पाटी तिरकी झालेली, सरळ केली. मुंगूस दिसलं. चिंचेवर पिंगळ्यांची जोडी. माझ्या एका शब्दावर कमिटीने या भागात नवीन दफन बंद केलं. शाळेत इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

१९ ऑक्टो.
रशीदचाचांना बघून आलो. अब्बांचे दोस्त. आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं, आता दमा, दोन शब्दांत धाप. “खतिजाचे बाजूला मोकळी जागा हाय. ती माझी. ध्यानात ठेव.” खतिजाचाची, त्यांची बायको, जुन्या भागात दफन केलेली. आणि ती मोकळी जागा म्हणजे नेमकं घोरपडीचं बीळ! म्हटलं, “चाचा, आधी बरे तर व्हा.” हसले. मी हो म्हणालो असं त्यांना वाटलं. मला ते कळलं, तरी तसंच वाटू दिलं.

२ नोव्हें.
चाचा गेले. त्यांच्या मुलाचा, इरफानचा फोन. “सर, अम्मीच्या बाजूला खोदायला सांगू ना?”
नाही म्हणालो. घोरपडीचं कारण दिलं. कमिटीचे अध्यक्षही माझ्याच बाजूने, “एक को दिया तो सबको देना पड़ेगा.” इरफान भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. नव्या भागात, रस्त्याच्या भिंतीला लागून दफन. माती देताना पलीकडून वळ गावच्या गोडाऊनचे कंटेनर-ट्रक, हॉर्नवर हॉर्न. दुआ धड ऐकू आली नाही.

३ नोव्हें.
सकाळीच बिळाकडे गेलो. स्वतःचीच पाटी ओलांडून.
बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं. जुनं, धुळीने पांढरं, त्यात सुकलेली पानं. घोरपड केव्हाच निघून गेलेली. काल नाही म्हणण्याआधी जाऊन बघायला काय जात होतं? पण बिळाजवळ जायचं नाही, हा नियम. माझाच. रिकाम्या बिळासाठी चाचांना चाचीपासून तोडलं मी. लाज वाटते.
कुणाला सांगितलेलं नाही.

९ नोव्हें.
इरफान सब्जाची रोपं घेऊन आला. अर्धी वडिलांच्या कबरीवर लावली, अर्धी आईच्या. मधे अख्खं कबरस्तान चालून जायचं. “सर, जुन्या भागात सब्जा चालेल ना? नियमात बसेल?” टोमणा नव्हता. खरंच विचारत होता, तेच जास्त लागलं. बिळाचं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, आणि म्हणालो, “पाणी मी घालत जाईन.”

१६ नोव्हें.
घोरपड दिसली! जुन्या भागाच्या मागच्या भिंतीच्या भगदाडात, ऊन खात. चांगली जाडजूड. म्हणजे जुना भाग तसाच ठेवला हे बरोबरच. ते तर कधी चूक नव्हतंच. तरी…
दुपारी जेवताना अम्मी एकदम म्हणाली, “रशीदभाईला खतिजापासून लांब ठेवलंस म्हनं?”
“हो.”
“मना तुझे अब्बांजवळ जागा हाय ना रे?”
अब्बाही जुन्या भागातच.
मी ताटाकडे बघत म्हटलं, आमटी वाढ. तिने वाढली.