उजवा गाल

अण्णा,

तुमची थप्पड फार मोठी झाली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आपला बँड मोडला, हातगाडीची चाकं भंगारात गेली, ढोलाची कातडी उंदरांनी खाल्ली, पण थप्पड तेवढी टिकली आणि आता ती पोरांच्या शर्टावर छापून येते. खोटं वाटेल तुम्हाला. तुमचा नातू हिंगोलीला कॉलेजात जातो. तो परवा काळा शर्ट घालून आला, छातीवर पांढरा हात उमटलेला. मला वाटलं, पोरगं निवडणुकीच्या प्रचाराला लागलं की काय. तर तो म्हणाला, बाबा, हा आजोबांचा हात आहे. मी चष्मा लावून बघितलं. पाचही बोटं धडधाकट. तुमच्या डाव्या करंगळीचं पेर टेम्पोच्या फाळक्यात सापडून गेलं होतं, हे त्या छापणाऱ्याला कुणी सांगायचं? नातवाला तर तुम्ही दिसलाही नाहीत. त्याला तुम्ही माहीत आहात ते त्या गाण्यातले, आणि त्या गाण्यातल्या आजोबांचा त्याला फार अभिमान आहे.

ते गाणं करणारा आपल्याकडे आला तेव्हाचा आठवतो का? साखरा गावचा, माझ्याच वयाचा, मानेपर्यंत केस, पायात दोन वेगळ्या चपला. बँडला गाणारा पाहिजे असं ऐकून गोरेगावला आपल्या दारात येऊन उभा राहिला. तुम्ही ओट्यावर क्लॅरिनेट पुसत बसला होतात. गा म्हणालात, त्यानं गायलं. तुम्ही पुसायचं थांबवलंत. मी आत भाकरी खात होतो, पण तुमचा हात थांबलेला मला दारातून दिसला. माझं वाजवणं ऐकताना तुमचा हात कधी थांबला नव्हता, अण्णा. तुम्ही पुसता पुसताच म्हणायचात, लय घसरली. त्याच दिवशी आईला हाक मारून बँडचा एक लाल कोट उसवून त्याच्या मापाचा बेतायला सांगितलात. तो कोट माझा होता.

तीन हंगाम तो आपल्यात गायला. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला कविता लिहायचा आणि टेम्पोत बसून मोठ्यानं म्हणायचा. हुंड्यावर, पुढाऱ्यांवर, देवावर, जे सुचेल त्यावर. बाकीचे हसायचे, तुम्ही बाहेर बघत बसायचात. मी त्याला एकदा म्हणालो की हे असलं लग्नात चालत नाही. तो म्हणाला, मग लग्नं बदलावी लागतील. असं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो, आणि आपल्याला असं बोलता येत नाही म्हणून जास्तच येतो.

मग डोंगरकडा गावचं ते लग्न. परण्याची वरात निघालीय, नवरदेव घोड्यावर, मारुतीच्या देवळाकडे चाललाय. पुढे पोरं नाचतायत, मागे आपली गाडी, गाडीवर भोंगे. मुलाच्या मामानं सिनेमातलं गाणं मागितलंय. मामा गावचा मोठा माणूस. हा माइक हातात घेतो आणि भलतंच सुरू करतो. घोड्यावरच्या नवऱ्याला विचारतो, तुझ्याखालचं घोडं भाड्याचं, अंगावरचा सूट सासऱ्याचा, मग या वरातीत तुझं काय? पोरांना वाटतं नवीन गाणं आलंय, ती आणखी जोरात नाचतात. तुम्ही हात वर करता. आपल्यात वस्तादाचा हात वर गेला की वाजवणं बंद. ट्रम्पेट थांबतं, झांज थांबते. तो मात्र गातच राहतो, कारण माझा ढोल थांबत नाही. मला तुमचा हात दिसत होता. पण हात थांबत नव्हते माझे. त्या ओळीखाली तो ठोका असा काही बसला होता की मधे सोडवेना.

तुम्ही क्लॅरिनेट उजव्या हातात तसंच धरून गर्दीतून आलात आणि डाव्या हातानं मला मारलंत. सगळ्या परण्यासमोर. उजव्या गालावर चार बोटं आणि अर्धी करंगळी. "त्यो गाऊन राहिला तर गाऊ दे," तुम्ही म्हणालात, "तू काहून वाजवून राहिलास?" त्याला तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. तो माझ्याकडे बघत उभा होता. मग त्यानं माइक गाडीवर ठेवला आणि अंगातला लाल कोट न काढता कळमनुरीच्या रस्त्यानं चालायला लागला. तुम्ही त्याला थांबवलं नाहीत, आणि कोटही मागितला नाहीत.

पुढचं जगाला माहीत आहे. तो संभाजीनगरला गेला, तिथून पुण्याला. गिटारवाली पोरं जमवली, आपल्याच बोलीत किंचाळून गायला लागला. कुणाला वाटलं तमाशा आहे, कुणाला वाटलं क्रांती. एका गाण्यावरून पोलिसांनी आत टाकलं तर तिथून आणखी एक गाणं घेऊन बाहेर आला. कवितांचं पुस्तक निघालं, त्यावर आपला लाल कोट. सरकारी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा तो म्हणाला, माझा पुरस्कार मला परण्यातच मिळालाय, आणि गालावर हात ठेवला. तो फोटो सगळीकडे लागला. आणि ते गाणं, जे आता नांदेड-परभणीची पोरंसुद्धा गाडीवर जाताना ओरडत जातात:

डावा गाल पेटवलात, वस्ताद,
आता आवाज विझवून दाखवा.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते बसस्टँडवर, कुणाच्या तरी मोबाइलमधून. माझ्या अंगाची लाही लाही झाली. कोट माझा, थप्पड माझी, वस्ताद माझे वडील. यानं फक्त गाल बदलला. लहानपणापासून मी तुमच्या कितीतरी थपडा खाल्ल्या, एकीचंही गाणं झालं नाही. आणि ज्याच्या अंगाला तुम्ही कधी बोट लावलं नाहीत, तो तुमच्या हातावर मोठा झाला. लोक म्हणतात, त्याच्या आवाजात आग होती. असेल. काडी कुणाच्या घरची होती ते कुणी विचारत नाही.

यातलं खरं दुखणं मात्र गाण्याचं नाही. त्या दिवशी परत येताना टेम्पोत माझा गाल ठणकत होता. मला वाटत होतं, तुम्ही काहीतरी बोलाल, निदान पाणी तरी विचाराल. तुम्ही क्लॅरिनेट तोंडाला लावलंत आणि हळू आवाजात काहीतरी शोधायला लागलात. दोनदा चुकलात, तिसऱ्यांदा सापडलं. ती त्याची चाल होती. त्यानंतर तुम्ही दुसरा गाणारा ठेवला नाहीत. मी एकदा विचारलं, मी गाऊन बघू का, तर म्हणालात, तू ढोल बघ. शेवटी अंथरुणावर होतात तेव्हा पाय मी चेपत होतो आणि तुम्ही विचारत होतात, त्या पोराचं काई कळलं का? मी न्हाई म्हणालो. मला कळलेलं होतं.

तो गेल्या वर्षी गेला, काविळीनं. परवा त्याची गिटारवाली पोरं पुण्याहून आली आणि गोरेगावच्या शाळेच्या मैदानावर त्याच्या आठवणीचा कार्यक्रम केला. मंडप आणि खुर्च्या माझ्याच. हल्ली तोच माझा धंदा. मी मागे वायर गुंडाळत उभा होतो, त्या पुण्याच्या पोरांना माहीत नव्हतं मी कोण ते. पण तुमच्या नातवाला कुठलं राहवतंय! त्यानं स्टेजवर जाऊन सांगितलं, आणि मला बोलावणं आलं. शाल, नारळ. त्याच्याबरोबर गिटार वाजवणारी एक पोरगी होती, तिनं माझ्या हातात माइक दिला. अण्णा, तुम्ही कधी दिला नाहीत तो. ती म्हणाली, काका, तुम्ही तिथं होतात. वस्तादांनी त्याला कसं मारलं ते सांगा ना.

सांगता आलं असतं. तोंडाशी आलंच होतं की ती थप्पड माझी आहे, द्या परत. समोर पहिल्या रांगेत नातू बसला होता, छातीवर तुमचा तो पाच बोटांचा हात घेऊन. मी थप्पड परत मागितली असती तर तुमचं काय उरलं असतं? रागाच्या भरात पोराला मारणारा एक बाप. असे घरोघरी असतात. गाण्यातले वस्ताद एकच आहेत.

मी म्हणालो, डावा नव्हता, उजवा होता. वस्तादांच्या उजव्या हातात क्लॅरिनेट होतं, म्हणून त्यांनी डाव्या हातानं मारलं.

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ती पोरगी म्हणाली, मग आज तसंच गाऊ. आणि गायले, अण्णा. डावा काय आणि उजवा काय, मात्रा तेवढ्याच, ठोका जराही हलला नाही. पुढची सगळी पोरं उजव्या गालावर हात ठेवून ओरडत होती. मी माइक धरून उभा होतो आणि मला फार बरं वाटत होतं, आणि लगेच राग येत होता की बरं वाटतंय तेसुद्धा त्याच्याच गाण्यात.

खुर्च्या मोजून घरी आलो तर कार्यक्रम बघून आधीच परतलेली तुमची सून पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाली, "सांगताना तुमचा हात कुठं व्हता, ठावं हाय का?" मी म्हणालो, माइकवर होता. ती म्हणाली, दुसरा. आणि माझ्या उजव्या गालाकडे बघून आत निघून गेली.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही, त्यामुळे ते इथंच राहील. तुम्ही मलाच का मारलंत, त्याला का नाही, याचं उत्तर आता यायचं नाही. एक गोष्ट तेवढी कबूल करतो. आज सकाळी दाढी करताना मी गुणगुणत होतो. उजव्या गालाला साबण लावलेला, वस्तरा हातात, आणि तोंडात त्याच्या त्या दोन ओळी. बायकोनं ऐकू नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. मोठ्यानं म्हणून बघितलं, पुन्हा एकदा म्हणून बघितलं. फार चांगलं गाणं आहे, अण्णा. मला नसतं जमलं.