फोनमधलं हसणं

प्रिय मॅडम,

काकू म्हणावं तर तुम्ही तेवढ्या मोठ्या दिसत नाही, आणि मावशी म्हणावं तर आधी आईची परवानगी काढावी लागेल. म्हणून तूर्त मॅडमच. चष्मा मिळाला. बाबांनी डबी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तिनं दिलाय. तुला काही विचारायचं नाही, अशी मला सक्त ताकीद आहे." नंबर अगदी बरोबर आहे. फ्रेम मात्र मुख्याध्यापिकाबाईंची वाटते.

मी शाळा बुडवून तुमच्या दुकानात आले होते, हे तुम्ही बाबांना का सांगितलं नाहीत? राहून राहून नवल वाटतं. आणि मला ओळखलंत कधी? दारातच, की खोटं नाव सांगताना अडखळले तेव्हा? मी काही चष्म्यासाठी आले नव्हते. आईबाबांचा घटस्फोट झाला आणि माझं कशातच धड राहिलं नाही. रागाच्या भरात स्वतःचे केस कापले, वर्गातल्या एकीला ढकललं, गणितात गटांगळ्या खाल्ल्या. शाळेतल्या समुपदेशक बाई सारख्या विचारायच्या, तुला नक्की काय वाटतं? ते कळलं असतं तर केसांवर कात्री कशाला चालवली असती! त्यात बाबांनी तुमच्याबद्दल सांगितलं. "ती आली तर मी तुमच्याकडे पाऊलही टाकणार नाही," असं म्हणून मी दार आपटलं. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. घरी आमचे बाबा जेवताना भिंतीकडे बघायचे आणि विचारल्यावर 'हं' म्हणायचे. अशा माणसाशी आपणहून लग्न करायला निघालेली बाई असते तरी कशी?

म्हणून बघायला आले. तुम्ही ती तपासणीची जड फ्रेम माझ्या नाकावर चढवून एकेक काच बदलत होतात, "आता बरं, की मघाशी?" विचारत होतात. मी खोटं खोटं चाचपडायचं ठरवलं होतं, पण खालच्या ओळी मला खरंच दिसेनात. "फळ्यावरचं कसं वाचतेस गं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, वाचतच नाही. तुमचा हात थांबला. वर्षभर सगळे मला बेफिकीर म्हणत होते, आणि मलाही ते पटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. हात गुंतलेले म्हणून तुम्ही तो स्पीकरवर टाकलात. पलीकडून कोणीतरी तक्रार करत होतं, की भात पुन्हा करपला आणि दोष पातेल्याचा आहे. तुम्ही म्हणालात, "पातेलं बिचारं मुकं आहे, म्हणून तुमचं फावतं." त्यावर तो माणूस हसला. अगदी पोट धरून, मध्येच ठसका लागेपर्यंत. आवाज ओळखीचा होता, हसणं नव्हतं. ते बाबा आहेत हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी फ्रेम काउंटरवर ठेवली आणि पळाले.

घरी आई इस्त्री करत होती. तिला विचारलं, तू बाबांना पोट धरून हसताना ऐकलंयस? तिनं इस्त्री उभी करून ठेवली. "लग्नाआधी, खूप," म्हणाली. मग इस्त्री पुन्हा उचलत, "आम्ही दोघं वाईट नव्हतो गं. एकमेकांना जड झालो." हल्ली ती पोहायला शिकते. ओल्या केसांनी घरी येते आणि उभ्या उभ्याच जेवते. ही बाईही मला नवीनच आहे. आईबाबा मला पाठ आहेत, असं मी समजत होते.

आता मुद्द्याचं. काल बाबा म्हणाले, लग्न तूर्त लांबणीवर. मुलीचं मन तयार होईपर्यंत नको, असं तुम्हीच म्हणालात. सांगताना ते पुन्हा भिंतीकडे बघत होते. माझं मन तयार आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि खोटं सांगणार नाही. पण रविवारी बाबा तुमच्याकडे येतात तेव्हा मी आले तर चालेल? फार आगतस्वागत नको. नुसतं एका कोपऱ्यात बसू द्या. तो हसणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि तो तुमच्याच घरी असतो असं दिसतंय.

तुमची कोण, हे अजून ठरायचंय अशी,
त्यांची मुलगी