सात आठे चौपन्न

चामराजपेट, बेंगळुरू
रविवार, २१ सप्टेंबर

ती. सौ. सुचेतावहिनीस,

भार्गवीचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा वाकत नाही, तेव्हा तूर्त सातच अंगं धरून चाल. आठवं व्यायामानंतर.) तुझी कंबर कशी आहे? दादाचं साखरेचं पथ्य चालू आहे, की तू घरात असतेस तेवढ्यापुरतंच असतं? आमच्याकडे सगळे ठीक. सासूबाई (वय ब्याऐंशी, कान उत्तम, पण सोयीपुरते) शेजारी बसून 'तिला स्वल्प आराम कर म्हणावं' असा निरोप देताहेत. इथे जन्म गेला त्यांचा, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'थोडा' हा शब्दच नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, तनयला झालंय काय ते सरळ सांग. दादाने मित्राकडे शब्द टाकलाय, कंपनी त्याला पुण्याला पाठवायला तयार आहे, आणि हा पोरगा हो म्हणायचं सोडून दर शनिवारी कुठल्या शाळेत जाऊन बसतो? मी आत्या आहे तर मी त्याला समजवावं. वहिनी, फोनवर मला सरळ सांगता येत नाही. मध्येच तू रडतेस, मग मी रडते, आणि आमचे पुरुषोत्तम टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीच्या टोकाला सरकारी कन्नड शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापिका कस्तुरी मॅडम म्हणजे बुटक्या, शांत, आणि चष्म्यावरून बघितलं की आपण गृहपाठ केला नाही असं वाटायला लावणाऱ्या. तिसरी-चौथीतल्या सव्वीस मुलांना पाढे आणि वजाबाकी येत नव्हती. शनिवारी बारा वाजता शाळा सुटल्यावर स्वयंसेवक आणून शिकवते, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी एक खोली दिली आणि एक अट घातली. येईल त्याने मार्चपर्यंत यायचं. मध्येच कोणी पळालं तर खोली बंद. "मुलांना सवय लागते हो माणसाची," म्हणाल्या.

मी म्हटलं, माणसांना काय तोटा! महादेवपुऱ्यातल्या कंपन्यांमध्ये चिठ्ठ्या लावल्या, व्हॉट्सॲपवर गट केला, चाळीस जण आले. (गटात.) पहिल्या शनिवारी अकरा आले, दुसऱ्या शनिवारी पाच. बाकीच्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. एक तुकडी मात्र सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घालून आली, मुलांना पेन्सिली वाटल्या, पन्नास फोटो काढले आणि ट्रॅफिकच्या आत निघून गेली. कस्तुरी मॅडमनी मला विचारलं, यातला कुठला फोटो वजाबाकी शिकवणार आहे? मी तोंड लपवायला फळा पुसत बसले. फळा कोरा होता.

तेव्हा मला आपला तनय आठवला. कोरमंगलाच्या त्या पीजीत खोलीभर डबे आणि चार्जर पसरून राहणारा. मी त्याला शनिवारच्या जेवणाचं आमिष दाखवलं. (मसालेभात. मला लाज वाटत नाही.) आला. आणि येत राहिला, ओळीने चार शनिवार. कन्नड शून्य. रिक्षावाल्यांकडून उचललेले आठ-दहा शब्द, आणि बाकी सगळं हातवारे. पण गुणाचा इतका, की मी प्रशिक्षणात जे सांगितलं ते त्याने वहीत उतरवून घेतलं. मी सांगितलं होतं, जमिनीवर बसा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर या, मुलाला 'चूक' म्हणू नका, चुकीवर अडून न बसता दुसरं सोपं गणित द्या. फार छान सांगितलं होतं मी. सांगताना माझीच मान डोलत होती.

पाचव्या शनिवारी कस्तुरी मॅडम खोलीत आल्या आणि रक्षिताला उभं केलं. ही तिसरीतली, दोन वेण्या, आवाज दुधवाल्याचा. सात आठे किती? रक्षिताने छाती काढून सांगितलं, चौपन्न. मॅडम म्हणाल्या, कोण म्हणतं? ती म्हणाली, "तनय सर म्हणतात! तीनदा सरी म्हणाले!"

आता कळलं का तुला? मलाही अर्धा मिनिट लागला. 'चूक' म्हणायचं नाही, म्हणून हा बिचारा हळूच 'सॉरी' पुटपुटायचा आणि पुढचं गणित द्यायचा. कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे बरोबर! (इथली मुलं सॉरीला 'सारी' म्हणतात, चांगलं लांबवून. आपल्या तनयचा उच्चार पुण्याचा आणि आवाज लाजाळू, त्यात तो ऑ गेला गिळला.) बरोबर आलं तर 'सुपर', चुकलं तर 'सरी'. दोन्ही शाबासक्याच! पोरांनी तर पैज लावली होती, कोणाला जास्त सरी मिळतात म्हणून. रक्षिताला एका दिवसात सात मिळाल्या होत्या. घरी जाऊन तिने आईला सांगितलं होतं की मी वर्गात पहिली आहे.

मी हसले, वहिनी. मग तनयकडे बघितलं आणि हसू गेलं. जेवायला बसला, मसालेभात एकदाच घेतला, यावरून ओळख. म्हणाला, "आत्या, मी नाही येत आता. मी त्यांचं नुकसान केलं." सासूबाई म्हणाल्या, "अरे, चौपन्न न् छप्पन्न, दोनाचाच फरक की रे!" त्यानेही काही उपयोग झाला नाही.

मी मॅडमकडे खोलीची किल्ली द्यायला गेले. चूक माझीच होती. प्रशिक्षण देताना मी सगळं मुलांच्या मनाबद्दलच बोलले. भाषा न येणारा तो मुलगा तिथे दीड तास कसा निभावतो, हे एकाही शनिवारी विचारलं नाही. नुसतं वाढलं. माणसं गोळा करणं सोपं असतं गं. आणून बसवल्यावर त्यांची विचारपूस करणं राहून जातं. मॅडमनी किल्ली घेतली नाही. म्हणाल्या, ज्याने शिकवलं त्यानेच पुसायचं. तो आता पळाला तर ही मुलं जन्मभर चौपन्नच म्हणतील, आणि वर म्हणतील की सर आम्हाला सोडून गेले.

पुढच्या शनिवारी तनय गेला. मुलांसमोर उभा राहिला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, 'नंदु तप्पायितु', माझं चुकलं. रक्षिताने आधी त्याचा उच्चार सुधारला, मग विचारलं, म्हणजे माझ्या सात सरी गेल्या का? मी अर्थ सांगितल्यावर हा म्हणाला, गेल्या. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, तर मग आम्ही तुम्हाला कन्नड शिकवणार. आता शेवटची दहा मिनिटं तो विद्यार्थी असतो. चुकला की सव्वीस जण मिळून 'तप्पू!', म्हणजे 'चूक!', असं ओरडतात. (त्यांना मी प्रशिक्षण दिलेलं नाही.) आणि तो हसतो. इतका हसताना मी त्याला मुंजीत बघितला होता, न्हावी गुदगुल्या करत होता तेव्हा.

असो. पत्र लांबलं. दादाला नमस्कार, तुला खूप प्रेम.

तुझीच,
भार्गवी

ता. क. बदलीबद्दल लिहायचं राहिलंच. तू सांगितलंस तसं मी त्याला समजावलं. दोन्ही बाजू समजावल्या. एक बाजू जरा जास्त वेळ.

ता. क. २. त्याने मंगळवारी 'नको' असं कळवून टाकलंय. मेल माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली. मी फक्त स्वल्पविराम बघितले. दादाला सांगायला तो घाबरतो, म्हणून तूच सांग, जेवण झाल्यावर, कपात चहा असताना. हे पत्र वाचून दाखवू नकोस. 'मुख्याध्यापिका मार्चपर्यंत त्याला सोडायला तयार नाहीत' एवढंच म्हण. ते खरं आहे.

ता. क. ३. मार्चनंतर तो तिकडे येईलच, असं लिहायला बसले होते. पण काल त्याने मॅडमकडे पुढच्या जूनच्या मुलांची यादी मागितली. तुला राहवणार नाही, मला माहीत आहे. तर तूच ये. शनिवारी ये, पण बाराच्या आत. बारानंतर तो आपल्या दोघींपैकी कोणाचाच नसतो.